लिपीचा सातबारा

दरवर्षी २४ मे उजाडला की बल्गेरियात शाळकरी मुलं फुलं घेऊन रस्त्यावर उतरतात आणि स्लाव्ह लोकांना अक्षरं देणाऱ्या सिरिल व मेथोडियस या संतबंधूंच्या तसबिरींना हार चढतात. अक्षरांसाठी राष्ट्रीय सुट्टी देणाऱ्या देशाचं मला कौतुकच वाटतं. पण २०१७ साली नेमक्या याच दिवशी मॉस्कोत व्लादिमिर पुतिन यांनी भेटीला आलेल्या मॅसिडोनियाच्या अध्यक्षांना सांगितलं की स्लाव्ह लेखन आमच्याकडे आलं ते मॅसिडोनियाच्या भूमीतून. बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, लगेच भडका उडाला: रशियन, बल्गेरियन जिच्यात लिहितात ती सिरिलिक लिपी घडली बल्गेरियाच्या राज्यात, तिचं श्रेय परस्पर वाटणारे हे कोण? यात ग्रीकांची बाजू घेणारे म्हणतात, ते दोघे भाऊ ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे आणि अक्षरंही ग्रीकच, मग तुम्ही दोघं कशावर भांडता? त्यावर कुणीतरी आठवण करून देतं की ग्रीकांनी ती फिनिशियनांकडून, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन व्यापाऱ्यांकडून, उचलली. आणि हा वाद फिरत फिरत मराठी घरात पोचतो तेव्हा कौटुंबिक ग्रुपवर एखादे काका ब्राह्मीचा तक्ता टाकून खाली लिहितात, ‘मूळ आपलंच.’

हा सगळा वाद सातबाऱ्याच्या भाषेत चाललेला असतो. मूळ मालक कोण, फेरफार कधी झाला, बांध कुणी कोरला. माझं म्हणणं असं की लिपीवर दावा लावायचाच असेल तर तो कुळकायद्याखाली लावावा: कसेल त्याची. उसनी आणलेली अक्षरं आपल्या तोंडातल्या आवाजांपाशी कुठे ना कुठे अडतात. मग कुणीतरी एखाद्या अक्षराला रेघ वाढवतं, बिनकामाच्या अक्षराला नव्या कामाला जुंपतं, नको ते काढून टाकतं. ग्रीकपासून निघालेल्या युरोपीय लिप्यांचा इतिहास हा अशा दुरुस्त्यांचा इतिहास आहे. अक्षरं आधी कुणी काढली याचं श्रेय जरूर द्यावं, पण त्या श्रेयावरून मालकी ठरत नाही.

ग्रीकांपासूनच सुरुवात करू. गंमत अशी की खुद्द ग्रीकांनी हे उसनं कधी लपवलं नाही. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात हेरोडोटस सरळ लिहून ठेवतो की दंतकथेतल्या कॅडमसबरोबर आलेल्या फिनिशियनांनी अक्षरं आणली, म्हणून आयोनियातले (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे) ग्रीक त्यांना ‘फिनिशियन’ म्हणतात आणि ते रास्तच आहे. त्यानं लिहिलं नसतं तरी अक्षरांच्या नावांनी चहाडी केलीच असती. शेजारून आलेल्या पातेल्यावर त्यांच्या घरातलं नाव कोरलेलं असतं ना, तसं. अल्फा, बीटा, डेल्टा यांना ग्रीकमध्ये अक्षराच्या नावापलीकडे अर्थ नाही. फिनिशियनांच्या सेमिटिक कुळात मात्र आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, दालेथ म्हणजे दार. इंग्रजीचं मोठं पहिलं अक्षर उलटं धरून पाहा, शिंगांचं डोकं अजून दिसतं. ते डोकंही फिनिशियनांनी काढलेलं नव्हे. सिनाईत सेराबित अल-खादिमला इजिप्तच्या पिरोजाच्या खाणी होत्या. तिथे वावरणाऱ्या सेमिटिक भाषकांनी इजिप्शियन चित्रलिपीच्या धर्तीवर काढलेल्या मोजक्या चिन्हांमध्ये हे बैलाचं डोकं आहे. सातबारा मागे मागे नेत गेलात तर शेवटी असे एका बैलापाशी येऊन थांबता, आणि बैल काही साक्ष देत नाही.

प्रतिपक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा इथेच आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. फिनिशियनांच्या २२ अक्षरांत एकही स्वर नव्हता. ग्रीक भाषेचं त्यावर भागणं अशक्य होतं. ‘आलेफ’च्या सुरुवातीला घसा क्षणभर बंद होऊन जो आवाज होतो, तो ग्रीक कानाला बहुधा ऐकूच आला नाही. त्याला ऐकू आला नुसता ‘आ’. मग ते अक्षर ‘आ’चं झालं. त्याच रीतीनं ‘हे’चा ए झाला, ‘योद’चा इ, आणि ‘आयिन’ या खास सेमिटिक कंठ्य व्यंजनाचा ओ. ‘वाव’चे तर त्यांनी दोन तुकडे केले, एक व्यंजनाला आणि एक उ या स्वराला. आपल्याला न लागणाऱ्या व्यंजनांच्या खुर्च्यांवर त्यांनी स्वर बसवले. ही नुसती उसनवारी नाही, हा शोध आहे, असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य आहे.

पण हा मुद्दा मांडणारे इथे थांबत नाहीत. स्वर लिहिता आले म्हणून ग्रीकांना तर्कशास्त्र सुचलं, लोकशाही सुचली, आणि युरोपच्या बुद्धीचं मूळ या पाच-सात अक्षरांत आहे, इथवर मजल जाते. हे मात्र पटण्यासारखं नाही. स्पार्टाकडेही तीच स्वरचिन्हं होती, मग तिथे अथेन्ससारखी लोकशाही का नाही उगवली? सेमिटिक भाषांत शब्दाचा कणा व्यंजनांचा असतो, त्यामुळे स्वर न लिहिता त्यांचं बरंच निभावतं. त्यांनी स्वरांना अक्षरं दिली नाहीत ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, गरज कमी भासली म्हणून. आणि स्वर तर आपल्या काना-मात्रांनीही नेमके लिहिले जातात, फक्त ते व्यंजनाच्या खांद्यावर बसतात.

याहून बोलका पुरावा ग्रीकांच्या स्वतःच्या घरात आहे. फिनिशियन अक्षरं येण्याच्या कितीतरी आधी ते लिहीत होते. क्नोसोस आणि पायलोसच्या राजवाड्यांत मातीच्या पाट्यांवर मेंढ्या, तेल, धान्य यांचे हिशेब एका वेगळ्या अवयवलिपीत सापडले, म्हणजे एकेका चिन्हात ‘का’, ‘पो’ असा अख्खा उच्चार. ‘लिनियर बी’ असं नाव मिळालेल्या या लिपीची सुमारे ९० चिन्हं. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिसनं उलगडली तेव्हा भाषा ग्रीक निघाली. इसवी सनपूर्व १२००च्या सुमारास राजवाडे जळाले, कारकून गेले, आणि कारकुनांबरोबर लिपी गेली. ग्रीस त्यानंतर जवळपास चारशे वर्षं निरक्षर राहिला. बाजारात, घरात, दारूच्या बैठकीत ती लिपी कुणी वापरतच नव्हतं, तर टिकणार कशी? याच्या अगदी उलट सायप्रसचं. तिथल्या ग्रीकांकडे स्वतःची अवयवलिपी चालू होती आणि बेटावरच किटिऑन या शहरात फिनिशियन नांदत होते. रोज नजरेसमोर वर्णमाला असूनही सायप्रसच्या ग्रीकांनी आपली जुनी लिपी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापर्यंत सोडली नाही. गरज नसेल तर शेजारी कितीही हुशार असो, कुणी पातेलं मागायला जात नाही.

नवी अक्षरं मात्र बैठकीतही गेली. इटलीजवळच्या इस्किया बेटावर ग्रीक वसाहतीतल्या एका थडग्यात इसवी सनपूर्व आठव्या शतकातला मातीचा पेला मिळाला. त्यावर उजवीकडून डावीकडे कोरलेल्या तीन ओळी आहेत, त्याही छंदात: यातून पिणाऱ्याला लगोलग अ‍ॅफ्रोडाइटीची ओढ लागेल. वर्णमालेतलं हे सर्वांत जुन्या ग्रीक लेखांपैकी एक, आणि त्यात ना राजाज्ञा ना हिशेब. चारचौघांतली थट्टा आहे.

या वसाहतीतले लोक मूळचे युबिया बेटाकडचे, आणि इथून एका फुलीची गोष्ट सुरू होते. ‘ग्रीक लिपी’ अशी एकच लिपी तेव्हा नव्हती, गावागणिक वळण वेगळं होतं. दोन तिरप्या रेघांची फुली आयोनियात आणि अथेन्समध्ये महाप्राण ‘ख’साठी वापरत, युबियाच्या लोकांनी तीच फुली ‘क्स’साठी धरली. दोन खांब आणि मध्ये आडवी पट्टी असलेलं अक्षर युबियाकडे ‘ह’ होतं. आयोनियात बोलण्यातला ‘ह’ गळाला, तेव्हा तिथल्यांनी ते रिकामं झालेलं अक्षर दीर्घ ‘ए’ला दिलं. इटलीत गेली ती युबियाची तऱ्हा, म्हणून रोमन लिपीत फुली ‘क्स’ आणि दोन खांब ‘ह’. मायदेशात जिंकली ती आयोनियाची. पेलोपोनेशियन युद्धात हरल्यावर इसवी सनपूर्व ४०३मध्ये अथेन्सनं स्वतःचं जुनं वळण टाकून आयोनियाची अक्षरं सरकारी केली. लोक ती खासगीत आधीपासून वापरत होतेच, सरकार मागून आलं. आज जिला आपण ग्रीक लिपी म्हणतो ती, अथेन्सपुरतं बोलायचं तर, उसनीच आहे.

इटलीत ही अक्षरं पहिल्यांदा कसली रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या एट्रस्कन लोकांनी. फ्लोरेन्सच्या संग्रहालयात मार्सिलियानाला सापडलेली हस्तिदंती पाटी आहे, तळहाताएवढी. मध्ये मेण भरायला खळगा, आणि वरच्या काठावर उजवीकडून डावीकडे कोरलेली २६ अक्षरं. त्यात ब, ड, ओ ही अक्षरं आहेत, जी एट्रस्कन भाषेला कधी लागलीच नाहीत. तरी गिरवायला ठेवली होती! आपण ‘ङ’ आणि ‘ञ’ पाठ करतो त्याची मला इथे आठवण होते. एट्रस्कनमध्ये ‘ग’ हा आवाजच नव्हता, म्हणून ग्रीकांचा गॅमा त्यांनी ‘क’साठी वापरला. रोमनांकडे तो तसाच आला आणि पंचाईत झाली, कारण रोमनांना क आणि ग दोन्ही हवे होते. बराच काळ त्यांनी एकाच अक्षरावर दोन्ही भागवले, जसं आपण ‘चहा’ आणि ‘चमचा’ एकाच ‘च’वर भागवतो. गायस या नावाचं लघुरूप पुढेही ‘क’च्याच अक्षरानं लिहिलं जायचं, ती त्या काळाची खूण. शेवटी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात ‘क’ला एक छोटी आडवी रेघ जोडून ‘ग’ तयार झाला. प्लूटार्क याचं श्रेय स्पुरियस कार्व्हिलियस नावाच्या शाळामास्तराला देतो, हा मुक्त केलेला गुलाम होता. नव्या अक्षराला जागा मिळाली सातवी, रोमनांना नकोशा झालेल्या ‘झ’ची. तो ‘झ’ पुढे ग्रीक शब्द लिहिण्यासाठी परत आला तेव्हा त्याला रांगेत शेवटी उभं राहावं लागलं. तिथेच उभा आहे अजून.

याच्या शेजारी सम्राट क्लॉडियसला ठेवून पाहा. त्यालाही लॅटिनमध्ये उणिवा दिसल्या, आणि त्या खऱ्याच होत्या. त्यानं तीन नवी अक्षरं काढली. सम्राटच तो, हुकूम सुटला, शिलालेखांवर ती कोरली गेली. इसवी सन ५४मध्ये तो मेला आणि अक्षरंही त्याच्याबरोबर गेली. मास्तराची एक रेघ दोन हजार वर्षं टिकली, सम्राटाची तीन अक्षरं त्याच्या पालखीबरोबर स्मशानात. मास्तरासमोर रोज पोरं बसत होती, हे एवढंच कारण मला दिसतं.

आता सिरिलिककडे येऊ, जिथून भांडण सुरू झालं. ८६३ साली मोराव्हियाच्या (आजच्या चेकियाकडच्या स्लाव्ह राज्याच्या) रास्तिस्लाव राजाच्या विनंतीवरून कॉन्स्टंटाइन (सिरिल हे त्याचं शेवटच्या आजारात घेतलेलं संन्यासनाम) आणि मेथोडियस ग्रीकभाषक बायझन्टियमहून निघाले. कॉन्स्टंटाइननं स्लाव्ह भाषेसाठी जी लिपी रचली ती ग्लागोलितिक: वेटोळ्यांची, ग्रीकशी फारसं साम्य नसलेली. म्हणजे सिरिलिक लिपी सिरिलनं केलेली नाही. मेथोडियस ८८५मध्ये गेल्यावर शिष्यांना मोराव्हियातून हाकललं गेलं. बल्गेरियाचा राजा बोरिस यानं त्यांना आसरा दिला. त्यांच्यापैकी क्लेमेंटनं ओह्रिदला शाळा काढली, ते गाव आज उत्तर मॅसिडोनियात आहे. पुढे बोरिसचा मुलगा सिमिओन याच्या काळात, बल्गेरियाच्या तेव्हाच्या राजधानीत, प्रेस्लाव्हमध्ये, भरपूर ग्रीक लिहिणाऱ्या लोकांनी, ग्रीक मोठ्या अक्षरांना ग्लागोलितिकच्या धर्तीची स्लाव्ह आवाजांसाठीची अक्षरं जोडून नवी लिपी घडवली. ती पुढे किएव्ह, नोव्हगोरोद करत मॉस्कोला गेली. मग बल्गेरियाचं म्हणणं खोटं आहे का? नाही, प्रेस्लाव्ह त्यांचंच. ओह्रिदचा अभिमान खोटा? तोही नाही, फक्त तिथे तेव्हा राज्य बल्गेरियाचं होतं. ग्रीकांचं? अक्षरांचे आकार बघा. हा दावा कधी निकाली निघणार नाही, कारण प्रत्येकाच्या हातात खऱ्या दस्ताचं एकेक पान आहे.

मला यात सगळ्यात लोभस वाटतं ते ‘ब’चं अक्षर. नवव्या शतकापर्यंत ग्रीक बोलण्यात बीटाचा उच्चार ‘व’ होऊन बसला होता. त्यामुळे सिरिलिकमध्ये बीटाच्या आकाराचं अक्षर ‘व’ झालं, आणि ‘ब’साठी त्याच आकाराला थोडं बदलून वेगळं अक्षर करावं लागलं. एखाद्या पंडितानं जुन्या पोथीतून लिपी उतरवली असती तर बीटा ‘ब’च राहिला असता. उतरवणाऱ्याच्या कानात समकालीन ग्रीक बोलणं होतं. त्या काळात ह्राबर नावाच्या साधूनं स्लाव्ह अक्षरांची बाजू मांडणारं छोटं प्रकरण लिहिलं. त्याचा प्रश्न रोखठोक आहे: ग्रीक अक्षरांत ‘बोग’, म्हणजे देव, कसा लिहाल? पुढे तो हिशेब देतो, ३८ अक्षरांतली २४ ग्रीकांच्या धर्तीची, १४ स्लाव्ह बोलीसाठी. आणि ग्रीक तोरा मिरवणाऱ्यांना सुनावतो की तुमच्याही आधी फिनिशियन अक्षरं होती. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा साधू उसनवारी उघड कबूल करतो आणि तरी ताठ उभा राहतो. त्याच्या आधी व्हेनिसमध्ये कॉन्स्टंटाइनला धर्मपंडितांनी घेरलं होतं: देवाच्या भाषा तीनच, हिब्रू, ग्रीक, लॅटिन. त्यानं विचारलं, देवाचा पाऊस सगळ्यांवर सारखा पडत नाही का? संस्कृत देवानं केली, मग प्राकृत काय चोरांपासून आली, हा एकनाथांचा सवाल ज्यांच्या कानावरून गेला आहे, त्यांना या प्रसंगाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ‘कसेल त्याची’ हे ऐकायला छान, पण लिपी अनेकदा सत्तेच्या टाचेखाली येते, त्याचं काय? कझाक भाषा १९२९पर्यंत अरबी लिपीत होती, मग लॅटिन, आणि १९४०पासून सिरिलिक. अकरा वर्षांत दोनदा लिपी बदलली, मॉस्कोच्या धोरणानं. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येईना. घरातल्या मोडी दस्तापुढे आपली जी गत होते ती, फक्त एका पिढीच्या अंतरात. इथे कुळाच्या हातात काही नव्हतं, हे मी मान्य करतो. पण यावरून ‘सिरिलिक ही गुलामीची लिपी’ असं ठरत नाही. रोमानियन भाषा शतकानुशतकं सिरिलिकमध्येच लिहिली गेली, तिचं तारखेसह मिळालेलं सर्वांत जुनं पत्र, १५२१चं, त्याच अक्षरांत आहे. १८६०च्या दशकात रोमानियनांनी आपणहून लॅटिन घेतली. तीच सिरिलिक सोव्हिएत राजवटीनं मोल्दोव्हात लादली, आणि ३१ ऑगस्ट १९८९ला लोकांनी लॅटिन परत मिळवली, तो दिवस तिथे अजून साजरा होतो. भाषा तीच, अक्षरं जवळपास तीच. एकदा ती आपली होती, एकदा परकी. बदललं काय, तर दुरुस्तीची पट्टी-पेन्सिल कुणाच्या हातात होती ते.

आणि स्वतःचंच सरकार असलं म्हणजे झालं, असंही नाही. २०१७मध्ये कझाकस्ताननं लॅटिनकडे वळायचा निर्णय घेतला, तेव्हा खास आवाजांसाठी अक्षरांपुढे वरच्या अंगाला स्वल्पविरामासारख्या चिन्हांचा असा सडा पडला की लोकांनी डोक्याला हात लावला. काही महिन्यांतच तो आराखडा बदलावा लागला. उलट सर्बियाचा वूक काराजिच. त्यानं १८१८च्या शब्दकोशात बिनकामाची जुनी अक्षरं काढली, ‘जसं बोलता तसं लिहा’ म्हणत नवी घडवली, आणि ‘य’साठी थेट लॅटिनमधलं अक्षर उचललं. चर्च खवळलं, हा कॅथलिकांचा डाव आहे म्हणून. सर्बियात त्याची लिपी अधिकृत झाली १८६८ला, तो वारल्यानंतर चार वर्षांनी.

आपल्या किनाऱ्यालाही या फुलीचा पाय लागलेला आहे. रोमन अक्षरं पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. थॉमस स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण १६१६मध्ये राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. पोर्तुगीजमध्ये फुलीचा उच्चार बहुधा ‘श’, म्हणून रोमी कोंकणीत ‘शीत’ हा शब्द फुलीनं सुरू होतो. मॉस्कोत ‘ख’, रोममध्ये ‘क्स’, मडगावात भात. १९८७च्या राजभाषा कायद्यानं कोंकणीची व्याख्या देवनागरीपुरती केली. त्यामागची एका लिपीची गरज मी समजू शकतो, पण ‘रोमी परकी आहे’ हे कारण मला मंजूर नाही. तियात्रं आणि वर्तमानपत्रं ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या अक्षरांत लिहिली, त्यांनी ती कसलेली आहेत. आपणही ‘बॅट’ आणि ‘बॉल’साठी देवनागरीवर अर्धचंद्र चढवलाच ना? आणि ब्राह्मीवाल्या काकांना सांगायचं तर, ब्राह्मीच्या मुळाशी अरमाईक अक्षरं होती असं अनेक अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. समजा होती. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा क्रमानं आवाज लावायची कल्पना कुठल्या अरमाईक कारकुनाची होती? कर्ज मान्य केल्यानं आपलं काय कमी होतं?

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून अधिक. नाणी क्षत्रप नहपानाची, त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारलेला. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी, आणि दुसऱ्या बाजूला राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरांत त्याचं नाव. ते अक्षर अक्षर लावून पाहिलं तर ‘नहपान’मधल्या ‘ह’साठी तेच दोन खांब आणि मधली पट्टी आहे, जे ग्रीसमध्ये केव्हाच स्वर होऊन बसलं होतं. कुणीतरी नाशिक-भडोचच्या पट्ट्यात बसून ते अडलेलं अक्षर कामाला लावलं होतं, किंवा रोमन नाण्यांवर पाहून उचललं होतं. पण ती अक्षरं घेऊन इथे पोरांची शाळा भरली नाही, बाजारात कुणी त्यात चिठ्ठी लिहिली नाही. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवरही राजाच्या डोक्याभोवती ती दिसतात. आधी चुकतात, मग उलटीसुलटी होतात, आणि शेवटी नुसत्या काड्या आणि गोल उरतात, लुगड्याच्या काठावर असते तशी नक्षी.